घराआधी शेजारी

मागच्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. नागपाड्यात आई-वडिलांसोबत एका खोलीत राहतो. अंधेरी पूर्वेला एका कंपनीत हिशेबाचं काम करतो, दोन लहान मुली आहेत. बँकेनं कर्ज मंजूर केलंय. सेकंडहँड का होईना, छोटी गाडी घ्यायचाही विचार आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, मुंब्रा घेऊ की मीरा रोड? तुमचं काय मत?"

त्यानं कागदावर यादी केली होती. मुलींसाठी चांगली शाळा, चोवीस तास नसलं तरी रोज पाणी, जवळ मशीद, खेळायला मोकळी जागा आणि ऑफिसला तासाभरात पोहोचता येईल असा रस्ता. यादी अगदी शहाण्यासारखी होती. मुंबईतल्या कुठल्याही नोकरदार बापाची असते तशीच. मी विचारलं, "बोरिवली पाहिलंस? घोडबंदर रोड?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, तिथं ब्रोकर बजेटच्या आधी नाव विचारतो."

त्याच्या यादीत पाच अटी होत्या, पण नावं दोनच होती. बाकीची नावं कुणी खोडली, कधी खोडली, याचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. मुलाबाळांसाठी बरं आणि कामापासून फार लांब नाही असं उपनगर निवडणं हा आज प्रॉपर्टीच्या जाहिरातींचा विषय वाटतो. मुंबईत मात्र त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपण कुठे होतो हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पुलापलीकडचं घर

सुरुवात माहीमच्या खाडीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई बेट माहीमला संपायचं. पलीकडे साष्टी बेटावर वांद्रे. मधे पाणी आणि चिखल, जाणं-येणं होडीनं. पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडायची. पुलाची गरज सगळ्यांना होती, पण सरकार पैसा काढायला तयार नव्हतं. शेवटी लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभॉय या पारशी बाईंनी स्वतःचे १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की या पुलावर सरकारनं कधी टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे सुरू झाला. माहीमहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचंच नाव मिळालं, लेडी जमशेदजी रोड.

त्या पुलानं वांद्रे घोडागाडीच्या टप्प्यात आणलं. शहरात पेढी आणि खाडीपलीकडे हवेशीर बंगला, ही सोय पैसेवाल्यांना पहिल्यांदा मिळाली. मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, पुढच्या वर्षी ठाण्याहून कल्याण आणि १८६७ मध्ये पश्चिमेला विरारपर्यंतची लोकल. घर एका गावात आणि रोजी दुसऱ्या गावात असू शकते, ही कल्पना मुंबईकराच्या अंगवळणी पडायला लागली.

तरीही सामान्य माणूस शहर सोडून गेला नाही. त्याला शहराबाहेर काढलं प्लेगनं.

आधी रस्ता, मग घर

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला. गोदीजवळची ती दाट वस्ती, धान्याची कोठारं, अंधाऱ्या खोल्या. लोक घरदार टाकून गावाकडे पळाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. दहा वर्षांत वाढायचं सोडून शहर आक्रसलं.

सरकारनं १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टनं दोन प्रकारची कामं केली. पहिलं, जुन्या दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट आणि आपला मोहम्मद अली रोड ही त्यातलीच कामं. दुसरं, बेटाच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात मोकळी जमीन घेऊन नवी वसाहत आखली. तिथं आधी नकाशा झाला. रस्ते, गटारं, बागा, शाळांच्या जागा ठरल्या. मग प्लॉट दिले गेले आणि शेवटी घरं उभी राहिली. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो उलटा झालेला दिसेल.

त्या आखलेल्या जमिनीवर कोण गेलं? दादरची पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी, माटुंग्यात दक्षिण भारतीय. त्याआधी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. देशातल्या अगदी पहिल्या संस्थांमध्ये तिचं नाव घेतात. १९१८ मध्ये वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सोसायटी आली. मग १९२५ पासून विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत पोहोचल्या. कारकून, वकील, मास्तर, बँकेतला बाबू सकाळी डबा घेऊन फोर्टात जाणार आणि संध्याकाळी झाडाखालच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये परतणार, हे मध्यमवर्गीय आयुष्य त्या तीस वर्षांत घडलं.

आपल्या लोकांजवळ राहावं ही ओढ मुसलमानांचीच आहे, असं आज बोललं जातं. इतिहास काही वेगळं सांगतो. मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक समाजानं उपनगरात जाताना सोबत आपलं देऊळ, आपली अग्यारी, आपलं चर्च, आपली खाणावळ नेली. पारशी कॉलनीला घेटो कुणी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. परक्या जागी पोरंबाळं घेऊन जाताना माणूस ओळखीचा चेहरा शोधतोच. आपल्याकडे अरबीतली जुनी म्हण बुजुर्गांच्या तोंडी असते, घराआधी शेजारी बघा. ती सगळ्यांनीच पाळली.

मोहल्ल्यात का राहिलो

मग त्या काळात मुसलमान कुठे होते? काही खानदानं वांद्र्याला, माहीमला, मलबार हिलला होती. माहीम तर मखदूम अली माहिमींच्या काळापासून, म्हणजे सहाशे वर्षांहून जुनं आपलं ठिकाण. कुर्ला, जोगेश्वरी इथंही वस्त्या होत्या. पण बहुसंख्य माणसं डोंगरी, भेंडी बाजार, नागपाडा, मदनपुरा, मोमिनपुरा इथंच राहिली.

याचं मुख्य कारण काम होतं. गोदीतला हमाल, जहाजावर जाणारा कोकणी खलाशी, मदनपुऱ्यातला मोमीन विणकर, भायखळ्याच्या गिरणीतला कामगार, क्रॉफर्ड मार्केटातला व्यापारी, बेकरीतला कारागीर. यांचं काम पायी अंतरावर होतं आणि वेळ फोर्टातल्या कारकुनासारखी दहा ते पाचची नव्हती. पहाटे तीनला गोदीत हजर व्हायचं असेल तर माटुंग्याची बाग काय कामाची? शिवाय १८७४ मध्ये स्थापन झालेलं अंजुमन-ए-इस्लाम, उर्दू छापखाने, मुसाफिरखाने, दवाखाने, जमातींची कार्यालयं सगळं इथंच होतं. त्या काळातल्या मुसलमान कुटुंबाच्या दृष्टीनं मुलाबाळांना सोयीची आणि कामाजवळची जागा मोहल्लाच होती. त्यांनी तो निवडला होता.

पुढे दोन गोष्टींनी मोहल्ला अडचणीत आला. पहिली, १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी गोठली आणि भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण त्या भाड्यात डागडुजी करायला मालक तयार होईना. पागडीच्या खोल्या बापाकडून मुलाकडे गेल्या, कुटुंबं वाढली, पोटमाळे झाले, जिने खिळखिळे झाले. दुसरी, कामच संपत गेलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. गोदीतलं काम यंत्रांनी कमी केलं. ज्या कामाजवळ राहायचं म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या कोंबून घेतल्या, ते कामच जवळ राहिलं नाही. ऐंशीच्या दशकात आपल्यातली काही कुटुंबं बाहेर पडायला लागली, तीही बाकीच्यांसारखीच, मोठं घर आणि स्वस्त भाव शोधत. मीरा रोडचं नया नगर याच काळात वाढलं. ही आपली स्वतःची, शांतपणे केलेली निवड होती. ती पूर्ण व्हायला वेळच मिळाला नाही.

त्या दोन महिन्यांनंतर

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. सरकारी आकड्यांप्रमाणे मुंबईत ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू कुटुंबातली माणसं घरात जळून गेली, तेही आपण विसरता कामा नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. काय घडलं ते त्यात आहे, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

मला इथं घरांविषयी बोलायचं आहे. त्या दोन महिन्यांनी मुंबईतल्या मुसलमान कुटुंबाचा घर निवडण्याचा पहिला प्रश्नच बदलला. आधी विचारायचे, शाळा कुठली, भाव काय, स्टेशन किती लांब. आता आधी विचारू लागले, "रात्री काही झालं तर?" मिश्र चाळीत तीस-तीस वर्षं राहिलेल्या माणसांनी मिळेल त्या भावाला खोल्या विकल्या. शेजाऱ्यांनी वाचवलं अशी घरं होती, तशीच शेजाऱ्यांनी नावं सांगितली अशीही होती. आणि दुसऱ्या वेळी कुठला शेजारी निघेल याची खात्री कुणाला नव्हती. "घराआधी शेजारी" या म्हणीचा अर्थच त्या हिवाळ्यात आकसला. चांगला शेजारी बघा, एवढंच ती सांगायची. आता ती "आपला शेजारी बघा" अशी वाचली जाऊ लागली.

लोक मुंब्र्याला गेले, मीरा रोडला गेले. मुंब्रा तेव्हा काय होतं? एका बाजूला पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला खाडी आणि रेतीबंदर. कौसा हे कोकणी मुसलमानांचं जुनं गाव, आजूबाजूला आगरी वस्ती. भातशेती, मिठाची हवा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची चार दुकानं. १९८२ मध्ये हा भाग ठाणे महापालिकेत आला होता, पण महापालिका इथं आली आहे असं बराच काळ वाटलं नाही. या गावावर दहा-पंधरा वर्षांत एक शहर येऊन बसलं.

आणि इथं क्रम उलटा झाला. दादर-माटुंग्यात आधी रस्ता, गटार, बाग आणि मग घर आलं होतं. मुंब्र्यात आधी घर आलं. गटार नंतर, पाणी नंतर, रस्ता त्याहून नंतर, आणि बागेची वाट अजून पाहतो आहोत. प्लेगच्या वेळी घाबरलेल्या माणसांसाठी सरकारनं ट्रस्ट काढला होता. दंगलीच्या वेळी घाबरलेल्या माणसांसाठी असा कुठला ट्रस्ट निघाला नाही. ती जागा बिल्डरांनी भरली, त्यात बरे होते तसे वाईटही होते. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि सत्तरहून जास्त माणसं दगावली. त्यात लहान मुलंही होती. भीतीनं घर घेणारा माणूस कागद नीट तपासत नाही, आणि हे बिल्डरला पक्कं ठाऊक असतं.

अंतराची किंमत

मुंबईची हद्द १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये वाढली आणि दहिसर-मुलुंडला थांबली. मीरा रोड आणि मुंब्रा दोन्ही त्या रेषेच्या पलीकडे. चर्चगेटहून मीरा रोड सुमारे ४० किलोमीटर, सीएसएमटीहून मुंब्राही तेवढंच. रेषेच्या अलीकडे मुंबई महापालिकेची शाळा, केईएम-शीवसारखं रुग्णालय, धरणाचं पाणी. पलीकडे तुमचं नशीब आणि टँकर. माणूस कामाला रोज मुंबईत येतो, त्याचा घाम मुंबईत पडतो, पण नागरिक म्हणून तो हद्दीबाहेरचा.

मुंब्र्याच्या बाबतीत तर रेल्वेनंही गंमत केली आहे. १८५४ पासून गाडी मुंब्र्यावरून जात होती. १९१६ मध्ये पारसिकच्या डोंगरात सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि जलद गाड्या त्यातून थेट दिव्याकडे निघाल्या. कळवा-मुंब्रा वळसा घेणाऱ्या धीम्या मार्गावर राहिले. तेव्हा मुंब्रा एवढंसं गाव होतं, कुणाची तक्रार नव्हती. ऐंशी वर्षांनी तिथं शहर वसलं तेव्हा जलद गाडी डोंगरामागून जायची आणि लाखो माणसं धीम्या गाडीत लटकायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, पण गर्दीचं दुखणं संपलं नाही. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काही जण जिवाला मुकले. कामाला निघालेली माणसं होती ती. उपनगर निवडताना आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजतो, प्रत्यक्षात ते अशा सकाळींनी मोजायला हवं.

रस्त्याची गोष्टही वेगळी नाही. मुंब्र्याला डोंगराच्या कडेनं बायपास झाला, पण जेएनपीटीकडून गुजरात-नाशिककडे जाणारे कंटेनर त्याच बायपासवर. २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी तो काही महिने बंद होता तेव्हा ठाणे, ऐरोली, कल्याण सगळीकडे वाहतूक तुंबली होती. मीरा रोडवाल्यांचा जीव वर्षानुवर्षं दहिसर नाक्यावर अडकला. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा टोल हलक्या वाहनांना माफ झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. पुलावर टोल घेऊ नका, असं अवाबाईंनी सांगून तोवर पावणेदोनशे वर्षं होऊन गेली होती.

तरीही घर झालं

एवढं वाचून कुणाला वाटेल की मुंब्रा म्हणजे नुसती तक्रार. ते खरं नाही, आणि तिथं राहणाऱ्या माणसांवर तो अन्याय आहे. आधी रस्ता मिळाला नाही, पण लोकांनी हात बांधून वाट पाहिली नाही. शिक्षकांनी भाड्याच्या गाळ्यात वर्ग सुरू केले, त्यांच्या शाळा झाल्या, पुढे कॉलेजं झाली. डॉक्टरांनी दवाखाने टाकले. बायकांनी घरी शिकवण्या घेतल्या, शिवणकाम केलं आणि त्या पैशांवर मुली पदवीपर्यंत गेल्या. मोहल्ल्यातल्या एका खोलीत ज्या मुलीला अभ्यासाला कोपरा नव्हता, तिला इथं खिडकीजवळ टेबल मिळालं. एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "टीचर, इथं संडास घरात आहे, रांग लावायला लागत नाही." उपनगर मुलाबाळांसाठी चांगलं कशाला म्हणायचं, याची एवढी साधी व्याख्या मी दुसरीकडे ऐकली नाही.

रमजानमध्ये रात्री बारालाही कौशाच्या रस्त्यावर बायका-मुली निर्धास्त फिरतात. बुरखा घातला म्हणून कुणी वळून बघत नाही, नाही घातला तरी पूर्वीइतकं बघत नाहीत. घरी काय शिजतंय याचा वास जिन्यात गेला तर सोसायटीची मीटिंग बसत नाही. ही निश्चिंती छोटी गोष्ट नाही. ज्यांना ती जन्मापासून फुकट मिळाली आहे त्यांना तिची किंमत कळत नाही.

पण या निश्चिंतीचंही एक बिल येतं, आणि ते मुलं भरतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मोहल्ल्यातली आमची पिढी मराठी वर्गात शिकली नाही, ती नळावर, भाजीवाल्याकडे, शेजारच्या चाळीत शिकली. आता अशी मुलं भेटतात ज्यांना मराठी फक्त पस्तीस मिनिटांच्या तासाला ऐकू येते. दिवाळीचा फराळ त्यांनी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. आणि तिकडे बोरिवलीत, डोंबिवलीतही एक मूल वाढतंय, ज्याच्या वर्गात एकही सलमा किंवा इम्रान नाही, ज्याला ईदचा शीरखुर्मा कुणी कधी डब्यातून आणून दिला नाही. तोटा दोघांचा आहे. गंमत अशी की कौशाच्या जुन्या कोकणी घरातली आजी अजून तिची कोकणी बोली बोलते, आणि नव्या इमारतीतल्या तिच्याच शेजारच्या पोराला ती परकी वाटते.

यादी कोण खोडतं

कायद्यात यावर उपाय आहे का? राज्यघटनेचं कलम १५ सरकारला धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. दुकानं, हॉटेलं यांसारख्या सार्वजनिक जागाही त्यात येतात. खाजगी घरमालकानं आपलं घर कुणाला द्यायचं, यावर ते थेट लागू होत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एखादी सहकारी सोसायटी आपल्या उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. पारशी समाजाची चिंता समजण्यासारखी आहे. पण गावदेवी-दादरच्या काळात जे आपलेपणातून सुरू झालं होतं, त्याच दारातून दुसऱ्याला बाहेर ठेवणंही कायदेशीर झालं. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सच्चर समितीनं नोंदवलं की मुसलमानांना मिश्र वस्तीत घर भाड्यानं किंवा विकत घेताना अडचण येते आणि असुरक्षिततेमुळे ते एका जागी गोळा होत आहेत. अहवाल आला, चर्चा झाली, ब्रोकरचा प्रश्न तोच राहिला.

इथं आपल्यालाही आरशात बघायला हवं. आपल्यातही अमुक जमातीलाच खोली, तमुक बिरादरीला नको, असं चालतं. बिहारहून आलेल्या मुसलमान मजुराला खोली देताना आपले कोकणी, मेमन घरमालक काय काय विचारतात हे मी ऐकलं आहे. एकट्या राहणाऱ्या नोकरदार बाईला तर कुणीच देत नाही, त्यात सगळ्या धर्मांची एकजूट आहे. दार बंद करण्याची सवय आपल्याला आहे, तर दार उघडा म्हणण्याचा आपला आवाज बारीकच निघणार.

आणि फक्त आपल्यांमध्ये राहिलो म्हणजे भीती संपते, हेही खरं नाही. जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात तणाव झाला आणि पाठोपाठ बुलडोझर आले, तेव्हा तीस वर्षांपूर्वी सुरक्षित जागा म्हणून तिथं घर घेतलेले बुजुर्ग पुन्हा रात्रभर जागे होते. एका जागी गोळा झाल्यानं धीर मिळतो, पण नकाशावर बोट ठेवायलाही ते सोपं जातं.

मी त्याला काय सांगितलं

विद्यार्थ्याला मी सोपं उत्तर दिलं नाही, पण उपयोगाचं द्यायचा प्रयत्न केला. अंधेरी पूर्वेला नोकरी असेल तर मीरा रोड सरळ मार्गावर पडतं, पश्चिम द्रुतगती महामार्गही आणि लोकलही. मुंब्र्याहून त्याला घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी लागेल किंवा गाडीनं ऐरोली-मुलुंडच्या गर्दीतून यावं लागेल. मुंब्र्यात त्याच पैशांत एक खोली जास्त मिळेल आणि त्याची खाला खालच्या मजल्यावर असेल, मुली शाळेतून आल्या की कुणीतरी घरात असेल. बायको नोकरी करणार असेल तर या गोष्टीला तासाभराच्या प्रवासाइतकंच वजन आहे, हे विसरू नकोस म्हटलं.

रविवारी घर बघायला जाऊ नकोस. मंगळवारी सकाळी आठला त्या दारातून निघ आणि ऑफिसला पोहोच, मग ठरव. भोगवटा प्रमाणपत्र मागितल्याशिवाय बयाणा देऊ नकोस, बिल्डर आपला आहे, नमाजी आहे, हे प्रमाणपत्र नव्हे. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे वॉचमनला विचार, एजंटला नको. मुलींच्या शाळेत मराठी कोण शिकवतं तेही बघ.

आणि शेवटी सांगितलं की तिसरं नावही यादीत लिही. जिथं जायला मन होतं तिथं जाऊन ये. ब्रोकर नाव विचारेल तर सांग, मोठ्यानं सांग. दहा दारं बंद होतील, कदाचित अकरावं उघडेल. नाही उघडलं तर मुंब्र्याला मान खाली न घालता जा, कारण तुला तिथं जावं लागलं यात लाज वाटायची तर ती दार लावणाऱ्याला वाटावी. पण विचारायचंच नाही असं ठरवून जाऊ नकोस. विचारणारेच उरले नाहीत तर पुढच्या पिढीला वाटेल की यादी पहिल्यापासून दोनच नावांची होती.

त्यानं अजून घर घेतलेलं नाही. परवा मेसेज आला, घोडबंदर रोडला एक घर पाहिलंय, मालकीणबाई रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांनी बायकोसोबत चहाला बोलावलंय. पुढे काय होईल ते होईल. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, एवढं मात्र मी त्याला लगेच कळवलं.